‘निदान इतके’ आणि ‘फार तर इतके’

समीकरणे सोडवायला तुम्हांला आवडतात याचे एक कारण असे की, त्यांचे उत्तर ठरलेले असते. क्ष = ७ आले, पुस्तकाच्या मागच्या पानावर पाहिले, जुळले, की वही मिटायची. पण घरात, बाजारात, स्टेशनावर दिवसभर जी वाक्ये आपल्या कानांवर पडतात, ती बहुधा समीकरणाची नसतात. ‘गाडीच्या आधी निदान दहा मिनिटे तरी पोहोच.’ ‘फार तर दोनशे रुपये सांग, त्याच्या वर जाऊ नकोस.’ ‘पोत्यात पन्नास किलोपेक्षा जास्त भरू नका.’ यांतल्या एकाही वाक्यात ‘बरोबर इतके’ असे कोणी म्हणत नाही. ‘निदान’ आणि ‘फार तर’ या दोन शब्दांवर व्यवहार चालतो, आणि या दोन शब्दांचे बीजगणित म्हणजेच असमानता.

मुदखेड हे मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचे जंक्शन. आदिलाबादकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. रेल्वेइतकेच हे गाव आणि आसपासचा भाग फुलांसाठी ओळखला जातो. पहाटे तोडलेली फुले वेळेत बाजारात पोहोचली तर भाव मिळतो. ऊन चढले की माल उतरतो. तेव्हा ‘आठच्या आत’ हे इथल्या मुलांना शिकवावे लागत नाही. मात्र तीच मुले ‘क्ष < ८’ हे फळ्यावर पाहिले की बुजतात, असा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे.

आधी एका चलाचे उदाहरण घेऊ. ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले आहे आणि काल्पनिक नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून पहिली गाडी आली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. म्हणजे एका वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार करून पाहा. पहिल्या गाडीचे पाणी माणशी १.३ लिटर भरते. नंतर ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, त्यांचे पाणी माणशी साडेसहा लिटर.

आता समजा, माणशी दिवसाला निदान २० लिटर पाणी द्यायचे आहे आणि ते सगळे रेल्वेनेच आणायचे आहे. वाघिणी किती लागतील? वाघिणींची संख्या क्ष मानू.

५०,००० क्ष ≥ २० × ३,८३,०००
५०,००० क्ष ≥ ७६,६०,०००
क्ष ≥ १५३.२

‘≥’ हे चिन्ह ‘पेक्षा मोठे किंवा बरोबर’ असे वाचायचे. आपल्या भाषेत ‘निदान’. ‘≤’ म्हणजे ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’, अर्थात ‘फार तर’. खालची आडवी रेघ नसेल, तर बरोबरीला परवानगी नाही. (नुसती ‘<’ आणि ‘>’ ही चिन्हे टॉमस हॅरिअट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात छापली गेली. तो ग्रंथ १६३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी निघाला. बरोबरीचे ‘=’ हे चिन्ह त्याआधीच, १५५७ मध्ये छापले गेले होते. म्हणजे ‘बरोबर’ला चिन्ह आधी मिळाले आणि ‘कमी-जास्त’ला सत्तराहून अधिक वर्षांनी!)

क्ष ≥ १५३.२ हे सोडवून झाले, पण काम संपले नाही. वाघिणी पूर्णांकांतच मोजाव्या लागतात. १५३ वाघिणी आणल्या तर पाणी कमी पडेल, तेव्हा निदान १५४ हव्यात. म्हणजे ५० वाघिणींच्या रोज ३ गाड्या, आणि वर ४ वाघिणी. संख्यारेषेवर हे उत्तर दाखवायचे तर १५४, १५५, १५६ ... या बिंदूंवर सुटे ठिपके द्यावे लागतील. क्ष हे लिटर असते, तर १५३.२ वर भरीव ठिपका देऊन तेथून उजवीकडे सलग जाड रेघ ओढली असती. आणि अट ‘क्ष > १५३.२’ अशी असती, तर त्या टोकाशी भरीव ठिपक्याऐवजी पोकळ वर्तुळ आले असते. ते टोक उत्तरात नाही, एवढेच ते वर्तुळ सांगते. एका असमानतेला एक उत्तर नसते, उत्तरांचा संच असतो. परीक्षेत ‘क्ष = १५४’ असे लिहून येणारे पुष्कळ असतात. त्यांना मी अर्धेच गुण देतो.

आता मुख्य अडचणीकडे वळू. असमानतेच्या दोन्ही बाजूंत तीच संख्या मिळवली किंवा दोन्हींतून तीच वजा केली, तर चिन्ह तसेच राहते. दोन्ही बाजूंना धन संख्येने गुणले वा भागले, तरी तसेच राहते. पण ऋण संख्येने गुणले किंवा भागले, की चिन्हाची दिशा उलटते. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात गतीचे एक उदाहरण सोडवताना मी असेच चिन्ह फिरवले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, ते का फिरलं?” मी म्हणालो, “नियम आहे.” तो खाली बसला. तास संपला. आपण उत्तर दिलेच नाही, हे मला घरी पोहोचेपर्यंत टोचत राहिले. तेव्हा त्याला द्यायचे राहिलेले उत्तर येथे देतो.

मुदखेडच्या एखाद्या मळ्यातली विहीर घ्या. पंपाच्या फूटव्हॉल्व्हच्या वर आज १८ फूट पाणी आहे. पाऊस नाही, उपसा चालू आहे, आणि दर आठवड्याला पाणी २ फुटांनी उतरते आहे. फूटव्हॉल्व्हच्या वर निदान ६ फूट पाणी राखायचे असे शेतकऱ्याने ठरवले आहे. असा उपसा किती आठवडे चालेल? आठवड्यांची संख्या क्ष मानली तर

१८ − २क्ष ≥ ६

दोन्ही बाजूंतून १८ वजा केले : −२क्ष ≥ −१२. आता −२ ने भागायचे. चिन्ह फिरवले नाही तर येईल क्ष ≥ ६, म्हणजे ‘निदान सहा आठवडे’. याचा अर्थ असा होईल की सातव्या, दहाव्या, पन्नासाव्या आठवड्यातही विहिरीत सहा फुटांवर पाणी असेल! शेतकऱ्याच्या घरातले लहान मूलसुद्धा हे मान्य करणार नाही. खरे उत्तर ‘फार तर सहा आठवडे’, म्हणजे क्ष ≤ ६ हे आहे. पाणी जितके जास्त राखायचे, तितके आठवडे कमी. पाण्याचे ‘निदान’ हेच दिवसांचे ‘फार तर’ होते. चिन्ह फिरते ते येथे.

एवढ्यावर समाधान न झालेल्यांसाठी सिद्धता देतो. ती एका ओळीची आहे. समजा, अ < ब. दोन्ही बाजूंतून अ वजा करा आणि ब सुद्धा वजा करा. वजाबाकीने चिन्ह बदलत नाही, हे आपण मान्य केले आहे. डावीकडे अ − अ − ब म्हणजे −ब उरेल, उजवीकडे ब − अ − ब म्हणजे −अ उरेल. म्हणून −ब < −अ. यात गुणाकार कोठेच केला नाही, तरी दिशा उलटली. संख्यारेषेवर पाहिले तर शून्यापाशी आरसा उभा केल्यासारखे हे आहे : ३ च्या उजवीकडे ५ असतो, पण −३ च्या डावीकडे −५.

विहिरीचे उदाहरण चिन्ह न फिरवताही सुटते. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा : १८ ≥ ६ + २क्ष, म्हणून १२ ≥ २क्ष, म्हणून ६ ≥ क्ष. हेच क्ष ≤ ६. ज्यांना ऋण गुणकाची धास्ती वाटते, त्यांनी खुशाल या वाटेने जावे.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो. १२/क्ष < ३ हे सोडवा, म्हटले की बहुतेक जण दोन्ही बाजूंना क्ष ने गुणून १२ < ३क्ष, म्हणून क्ष > ४ असे लिहून मोकळे होतात. क्ष = −१ घालून पाहा : −१२ < ३, हेही खरेच आहे! क्ष धन आहे की ऋण, हे ठाऊक नसताना त्याने गुणले, ही ती चूक. क्ष धन असेल तर क्ष > ४ हे उत्तर. क्ष ऋण असेल तर डावी बाजू आपोआप ऋण, म्हणजे ३ पेक्षा लहान. तेव्हा क्ष > ४ किंवा क्ष < ०.

भौतिकशास्त्र शिकवणारा मनुष्य असमानतांवर का लिहितो, असे कोणी विचारील. आमच्या प्रयोगशाळेत मोजलेली एकही राशी खरे म्हणजे ‘बरोबर’ नसते. लघुत्तम माप ०.०१ सें.मी. असलेल्या व्हर्निअरने सळईचा व्यास २.३४ सें.मी. आला, तर प्रामाणिकपणे लिहायचे ते २.३३ ≤ व ≤ २.३५ असे. प्रयोगवहीत आपण ते लिहीत नाही, ही आपल्या आळसाची गोष्ट.

आता दोन चले घेऊ. येथे आलेख कागद आणि पेन्सिल जवळ असू द्या. आकडे मी हिशेबाच्या सोयीने घेतले आहेत. प्रश्न मात्र फुलांच्या मळ्यातला नेहमीचाच आहे.

एका शेतकऱ्याजवळ २५ गुंठे जमीन आहे. तीत झेंडू आणि शेवंती लावायची आहे. विहीर दिवसाला फार तर १२,००० लिटर पाणी देते. झेंडूला गुंठ्यामागे रोज ४०० लिटर आणि शेवंतीला ६०० लिटर लागते असे धरू. (एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा ४०० लिटर म्हणजे गुंठाभर जागेवर सुमारे ४ मिलिमीटर पाणी.) झेंडू क्ष गुंठे आणि शेवंती य गुंठे लावली, तर

जमीन : क्ष + य ≤ २५
पाणी : ४०० क्ष + ६०० य ≤ १२,०००, म्हणजेच २क्ष + ३य ≤ ६०

शिवाय ऋण गुंठे कोणी पेरत नाही, म्हणून क्ष ≥ ० आणि य ≥ ०. या दोन अटी विद्यार्थी लिहायला विसरतात, आणि मग त्यांचा मळा आलेखाच्या भलत्याच चरणात जातो.

आलेख काढताना आधी असमानतेऐवजी समीकरण घ्या : क्ष + य = २५. ही रेषा (२५, ०) आणि (०, २५) या बिंदूंतून जाते. तिने कागदाचे दोन भाग केले. आपला भाग कोणता? पाठांतर नको, आरंभबिंदूला विचारा. ० + ० ≤ २५ हे खरे आहे, म्हणून आरंभबिंदू ज्या बाजूला, ती बाजू आपली. अटीत बरोबरी आहे, म्हणून रेषा सलग काढायची. बरोबरी नसती तर तुटक काढली असती. (रेषाच आरंभबिंदूतून जात असेल, तर दुसरा कोणताही सोयीचा बिंदू घ्यावा.) तसेच २क्ष + ३य = ६० ही रेषा (३०, ०) आणि (०, २०) यांतून काढा. तिचीही आरंभबिंदूकडची बाजू आपली. सर्व अटी एकदम पाळणारा भाग पेन्सिलीने हलका छायांकित करा. दोन्ही रेषा (१५, १०) या बिंदूत छेदतात. समीकरणे सोडवून ते पडताळून पाहा. तुमच्या कागदावर एक चौकोन उमटेल. त्याचे कोपरे (०, ०), (२५, ०), (१५, १०) आणि (०, २०).

या चौकोनातला प्रत्येक बिंदू म्हणजे मळ्याची एक शक्य असलेली मांडणी. (१०, १०) म्हणजे पाच गुंठे पडीक ठेवून केलेली. (२०, १०) चौकोनाबाहेर आहे. तेवढी जमीनही नाही आणि पाणीही नाही.

या असंख्य मांडण्यांपैकी कोणती निवडावी? समजा, खर्च वजा जाता झेंडूचे गुंठ्याला ३ हजार आणि शेवंतीचे ४ हजार रुपये सुटतात. एकूण प्राप्ती ३क्ष + ४य हजार. आता ३क्ष + ४य = ६० ही रेषा काढा, मग ३क्ष + ४य = ७२ ही काढा. त्या समांतर आहेत. प्राप्ती वाढवणे म्हणजे पट्टी त्याच दिशेत ठेवून आरंभबिंदूपासून दूर सरकवत नेणे. चौकोन सोडण्यापूर्वी ती शेवटी कोठे टेकते? कोपऱ्यावर! म्हणून सगळे बिंदू तपासावे लागत नाहीत, कोपरे पुरतात. (२५, ०) ला ७५ हजार, (०, २०) ला ८० हजार, (१५, १०) ला ८५ हजार. पंधरा गुंठे झेंडू आणि दहा गुंठे शेवंती, हे उत्तर.

आता भाव हलवून पाहा, म्हणजे खरी गंमत कळेल. दसऱ्याला झेंडू थोडा वधारला, गुंठ्याला साडेतीन हजार सुटू लागले, तरी (१५, १०) हाच कोपरा सर्वांत चांगला राहतो. झेंडूची प्राप्ती शेवंतीच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त पण तिच्यापेक्षा कमी आहे, तोवर मांडणी बदलायचे कारणच नाही. (ही पुन्हा असमानताच : २/३ < भावांचे गुणोत्तर < १.) पण झेंडू साडेचार हजारांवर गेला, की पट्टीची दिशा बदलते आणि उत्तर एकदम उडी मारून (२५, ०) वर जाते, सगळा मळा झेंडूचा. सगळ्या गावाने तीच उडी एकदम मारली तर भावाचे काय होते, ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. तो हिशेब या चौकोनात नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. पावसाने ओढ दिली आणि विहीर दिवसाला ९,००० लिटरच देऊ लागली, असे धरा. पाण्याची अट आता २क्ष + ३य ≤ ४५. ही रेषा (२२.५, ०) आणि (०, १५) यांतून जाते. ती काढून पाहा : ती संपूर्णपणे जमिनीच्या रेषेच्या आत पडते! चौकोनाचा त्रिकोण झाला, आणि जमिनीची अट नुसती नावाला उरली. मूळच्या भावाने सर्वांत चांगला कोपरा (२२.५, ०), प्राप्ती साडेसदुसष्ट हजार, अडीच गुंठे जमीन कोरडी पडून. अशा वर्षी शेजारची जमीन मक्त्याने घ्यावी की विहिरीचा गाळ काढावा, हा प्रश्न घरात निघतो. आलेख काय म्हणतो ते बघा. आणखी दहा गुंठे घेतले तर प्राप्तीत एका पैचीही भर नाही, मक्ता मात्र भरावा लागेल. उलट विहिरीतून रोज एक हजार लिटर जास्त मिळाले, तर अडीच गुंठे झेंडू वाढेल आणि साडेसात हजार रुपये वाढतील. कोणती अट दोरीसारखी ताणलेली आहे आणि कोणती ढिली पडली आहे, हे डोळ्यांनी दिसते. समीकरण हे दाखवू शकले नसते.

येथे पिके दोन होती, म्हणून कागद पुरला. पिके तीन झाली की चौकोनाच्या जागी पैलू पाडलेल्या खड्यासारखा घन येईल. रेल्वे, तेल शुद्धीकरण, टेलिफोन यांच्या नियोजनात चले हजारोंनी असतात. तेथे आकृती काढता येत नाही, पण कोपऱ्यांचा नियम तोच राहतो. अडचण कोपऱ्यांच्या संख्येची. पन्नास चले घेऊन प्रत्येकावर एवढीच अट घातली की ते ० आणि १ यांच्या दरम्यान असावे, तरी कोपरे होतात २ चा पन्नासावा घात, म्हणजे एकावर पंधरा शून्ये यांहूनही जास्त. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये एक रीत दिली : सगळे कोपरे पाहू नका, एका कोपऱ्यावरून कडेकडेने शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्यावर जा. ही रीत बहुधा झपाट्याने चालते. पण मुद्दाम रचलेल्या काही उदाहरणांत तिला सगळे कोपरे फिरावे लागतात, हे १९७२ मध्ये दाखवून दिले गेले. सर्व उदाहरणांत खात्रीने आटोक्यात राहणारी पहिली रीत १९७९ साली रशियन गणितज्ञ खाचियान यांनी दिली. पण प्रत्यक्ष वापरात ती मंद ठरली.

मग १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. हे ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले. १९७८ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तून विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, आणि त्या वेळी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांची रीत कडेकडेने जातच नाही. ती छायांकित भागाच्या आतून वाट काढते, कडांपासून जपून अंतर राखत उत्तराच्या कोपऱ्याकडे सरकते. सिद्धांतात आटोक्यात राहणारी आणि व्यवहारातही वेगवान अशी ही रीत होती. आपल्या मळ्याच्या भाषेत सांगायचे तर डँट्झिग बांधाबांधाने जातात आणि करमरकर वावरातून.

आता पेन्सिल तुमच्या हाती. वरच्या मळ्यात (पाणी पुन्हा १२,००० लिटर धरा) आणखी एक अट घाला. बाजाराची वेळ गाठायची तर घरच्या चार माणसांना पहाटे प्रत्येकी १०० मिनिटेच तोडणी करता येते. सरासरीने रोज झेंडूला गुंठ्यामागे १० मिनिटे आणि शेवंतीला ३० मिनिटे लागतात. तिसरी रेषा काढा, नवे कोपरे शोधा. प्राप्ती ३क्ष + ४य हजार हीच धरली, तर मांडणी कोणती? आणि आधीच्या दोन अटींपैकी कोणती आता ढिली पडली? ती ढिली पडली हे कळल्यावर या घराने विहीर खोल करण्याचा विचार करावा, की तोडणीला आणखी एक माणूस लावण्याचा?